ऑपरेशन मुंबईत झालं, पण लेकरू वाढायचं वऱ्हाडातच आहे

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. अकोला स्टेशनवर रात्री मुंबईच्या गाडीची वाट पाहत होतो. बाकावर शेजारी पस्तिशीतला एक माणूस बसलेला. मांडीवर थर्माकोलचा लहान डबा, चारी बाजूंनी टेप मारलेला. डबा असा धरलेला की आत जणू अंडी असावीत. पत्रकाराची खोड जात नाही, विचारलंच.

"दादा, काय आहे यात?"

"पोरीचं रगत आहे भाऊ."

दोन मिनिटं काय बोलावं सुचलं नाही. मग हळूहळू तोच बोलायला लागला. दर्यापूर तालुक्यातला, पाच एकर कोरडवाहू. पोरगी अकरा महिन्यांची असताना मुंबईत तिचं यकृत बदललं. आईनं आपल्या यकृताचा तुकडा दिला. पैसा कसा उभा केला ते सांगताना त्यानं बोटं मोजली : शासकीय मदत, दोन ट्रस्ट, गावातली वर्गणी, दीड एकर वावर. आता पोरगी दोन वर्षांची होत आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ठरावीक दिवसांनी रक्त तपासा. रक्तात औषध किती आहे आणि व्हायरस किती आहे, हे दोन्ही बघावं लागतं.

"मंग इथं काहून नाई करत?"

"एक लॅबवाला म्हणे, आमी घेतो पण बाहेर पाठवा लागते, आठ-दहा दिवस लागन. दुसऱ्यानं तपासणीचं नाव आयकून मलेच इचारलं, हे काय असते म्हणून. तिघांचं तिकीट, तिथं राह्यनं, पोरीले गर्दीत नेनं... म्हटलं रगतच घेऊन जातो."

सकाळी दादरला उतरलो तेव्हा तो डबा छातीशी धरून गर्दीत शिरला. मी त्याचा नंबर घेतला होता. संध्याकाळी फोन केला. लॅबनं नमुना घेतला नव्हता. बाहेरून आणलेला, रीतसर कागद नाही, किती वाजता काढला, कोणत्या तापमानात ठेवला याची नोंद नाही. लॅबचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नियम नियमाच्या जागी बरोबर होता. पण तो माणूस सहाशे किलोमीटर जाऊन हात हलवत परत आला. चार दिवसांनी पोरीला घेऊन पुन्हा गेला. तोवर तिला बारीक ताप येत होता. इथल्या एका दवाखान्यात त्याला 'व्हायरल आहे, होईल बरं' म्हणून सांगितलं होतं. व्हायरल होतंच. पण ते साधं नव्हतं. मुंबईत दोन आठवडे ॲडमिट राहावं लागलं.

पोरगी आज ठीक आहे. नाव-गाव सांगत नाही, कारण बापानं तेवढीच विनंती केली. बाकी सगळं लिहायची परवानगी दिली. "लिहा भाऊ, आमचं झालं ते झालं, दुसऱ्याचं नोको व्हायले."

म्हणून आज ही मोठी पोस्ट. वेळ काढून वाचा.

मंडळी, लहान मुलांचं यकृत प्रत्यारोपण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मदतीचं आवाहन, व्हॉट्सॲपवर फिरणारा नाकात नळी घातलेला फोटो, क्यूआर कोड. मग काही दिवसांनी बातमी : 'चिमुकलीला जीवदान'. ही बातमी मीही केली आहे, दोन-तीनदा. हार घातलेले डॉक्टर, डोळे पुसणारी आई. बातमी तिथं संपते. पण त्या घराची खरी परीक्षा तिथून सुरू होते, हे मला त्या स्टेशनवरच्या बाकावर कळलं. त्यानंतर मी काही डॉक्टरांशी बोललो, वाचलं. जे समजलं ते साध्या भाषेत मांडतो.

आधी, लहान मुलांचं यकृत बदलावं का लागतं? सगळ्यात मोठं कारण म्हणजे बिलिअरी अट्रेशिया. यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या जन्मापासून किंवा जन्मानंतर लगेच बंद होत जातात. बाळाची कावीळ उतरत नाही, शी पांढरट किंवा मातकट होते, लघवी गडद पिवळी. जपानचे डॉ. कसाई यांनी १९५० च्या दशकात यावर एक शस्त्रक्रिया शोधली, ती आजही त्यांच्याच नावानं चालते. ती साधारण दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. उशीर झाला किंवा ती चालली नाही, तर पुढे प्रत्यारोपण.

जगात माणसावर यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी केला. तो रुग्णही तीन वर्षांचा मुलगाच होता, आणि आजारही हाच. तो वाचला नाही. भारतात १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात कांचीपुरमचा संजय कंदासामी या वीस महिन्यांच्या मुलावर देशातलं पहिलं यशस्वी बाल यकृत प्रत्यारोपण झालं. आजार बिलिअरी अट्रेशिया, यकृताचा तुकडा वडिलांचा. तोच संजय पुढे स्वतः डॉक्टर झाला. म्हणजे हे ऑपरेशन म्हातारपणाची दोन वर्षं वाढवायचं नाही. लेकराला अख्खं आयुष्य देणारं आहे. जपलं तर.

या 'जपलं तर'मध्येच सगळं आलं.

दुसऱ्याचा अवयव आपलं शरीर परका समजतं आणि त्याच्यावर हल्ला करतं. तो हल्ला थोपवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. त्यातलं मुख्य टॅक्रोलिमस. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते सापडलं. औषध मोलाचं, पण त्याची मात्रा फार जपून ठेवावी लागते. कमी पडलं तर शरीर नवं यकृत नाकारतं. जास्त झालं तर किडनीवर ताण येतो आणि व्हायरसना रान मोकळं मिळतं. म्हणून सकाळचा डोस घ्यायच्या आधी रक्त काढून त्याची पातळी मोजतात.

आता व्हायरसकडे येऊ. मुख्य दोन नावं लक्षात ठेवा : सायटोमेगॅलो व्हायरस, म्हणजे सीएमव्ही, आणि एपस्टाईन-बार व्हायरस, म्हणजे ईबीव्ही. हे काही नवे, परदेशातून आलेले व्हायरस नाहीत. तुमच्या-माझ्या अंगात ते बहुतेक आहेतच. आपल्याकडे दहातल्या नऊ मोठ्या माणसांना कधी ना कधी यांची लागण होऊन गेलेली असते. लहानपणी बारीक ताप आला, गेला, कुणाला कळलंही नाही. व्हायरस मात्र शरीरात झोपून राहतो. आपली प्रतिकारशक्ती त्याला उठू देत नाही.

अडचण इथं आहे. वर्षाच्या आतलं बाळ या व्हायरसला बऱ्याचदा अजून भेटलेलंच नसतं. त्याला यकृत मिळतं ते आईचं, बापाचं, आजीचं. त्या तुकड्यासोबत झोपलेला व्हायरसही येतो. आणि नेमकं त्याच वेळी आपण औषधानं बाळाची प्रतिकारशक्ती दाबलेली असते. आईनं जीव दिला आणि त्याच ओंजळीतून हा पाहुणाही गेला. यात आईचा दोष नाही, आणि म्हणून कुणी प्रत्यारोपण टाळायचंही नाही. हे आधीच माहीत असतं. त्यावर उपाय आहे. फक्त लक्ष ठेवावं लागतं.

सीएमव्ही वाढला तर ताप, जुलाब, रक्तातल्या पेशी कमी होणं, यकृतालाच सूज. तो बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत उठतो, किंवा प्रतिबंधक औषध थांबवल्यावर. त्यावर गॅनसायक्लोव्हिर आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ही औषधं आहेत. ईबीव्हीचं प्रकरण जास्त अवघड. तो रक्तातल्या बी पेशींमध्ये वाढतो, आणि आवर घातला नाही तर काही मुलांमध्ये त्या पेशींची बेसुमार वाढ होते. गाठी येतात, काही वेळा तो सरळ लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर असतो. डॉक्टर त्याला पीटीएलडी म्हणतात. मुलांमध्ये याचा धोका पहिल्या वर्षात जास्त. आणि यावरचा पहिला उपाय कोणता? प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जपून कमी करणं. म्हणजे वेळेवर कळलं तर बरेचदा आधीच्याच गोळीचा डोस कमी करून भागतं. उशिरा कळलं तर रिटुक्सिमॅब, केमोथेरपीपर्यंत गोष्ट जाते.

वेळेवर कसं कळतं? पीसीआर तपासणीनं. होय, तीच पीसीआर, जी कोरोनात आपल्या सगळ्यांच्या तोंडी होती. फरक एवढाच की कोरोनात 'आहे की नाही' एवढंच बघायचं होतं. इथं 'किती आहे' हे मोजायचं असतं. पहिल्या वर्षात ती मोजणी वारंवार होते, पुढे अंतर वाढत जातं. आकडा चढताना दिसला की ताप यायच्या आधी डॉक्टर सावध होतात. एका आकड्यानं फार काही कळत नाही. काही मुलांमध्ये ईबीव्ही महिनोन् महिने रक्तात राहतो आणि ती खेळत-बागडत असतात. चढता-उतरता आलेख बघणारा जाणकार लागतो.

आता सांगा, अचलपूरच्या, बाळापूरच्या, धारणीच्या लेकराचा हा आलेख कुठं काढायचा?

मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रांत ऑपरेशन होतं. सुरुवातीचे काही महिने घरचे तिथंच भाड्यानं राहतात. मग पैसे संपतात, दुसरं लेकरू आजीजवळ असतं, पेरणी येते. घरी परततात. इथून पुढे प्रत्येक तपासणी म्हणजे विदर्भ एक्सप्रेस नाहीतर अंबा एक्सप्रेस, वेटिंगचं तिकीट, दोन दिवसांची मजुरी बुडणं, वर तपासणीचे काही हजार. माणूस काय करतो? पोरगी खेळत आहे ना, मग या महिन्याचं पुढच्या महिन्यात करू. यात हलगर्जीपणा आहे असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. मी त्या बापाला म्हणू शकलो नाही.

आणि ताप आला की? इथले डॉक्टर दोन प्रकारचे भेटतात. एक, जे घाबरून हातच लावत नाहीत, 'मुंबईलाच न्या' म्हणतात. दुसरे, जे नेहमीसारखं औषध लिहून देतात. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध सुरू केलं तर रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं. टीबीचं रिफॅम्पिसिन दिलं तर ते एकदम पडतं. साध्या जुलाबानंही पातळी वाढू शकते. हे माहीत असलेले बालरोगतज्ज्ञ अकोल्यात आणि अमरावतीत नक्की आहेत, आणि त्यातले काही रात्री-बेरात्री मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावून उपचार करतात, तेही मी पाहिलं आहे. पण ते त्यांच्या चांगुलपणावर चाललं आहे. व्यवस्था म्हणून काही नाही.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि एका अधिकाऱ्यानं मला तोंडावर म्हटलंही, "अहो, अशी लेकरं आहेत किती? जिल्ह्यात हाताच्या बोटांवर. त्यांच्यासाठी लॅब कुठं उभारता?"

प्रश्न चुकीचा नाही. त्याचं नीट उत्तर द्यायला हवं.

पहिलं उत्तर : ही तपासणी फक्त या लेकरांनाच लागत नाही. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किडनी प्रत्यारोपणं होतात. आपल्या भागासाठी ती अभिमानाची गोष्ट आहे. त्या प्रत्येक रुग्णाला टॅक्रोलिमससारखी औषधं घ्यावी लागतात आणि सीएमव्हीचा धोका त्यांनाही असतोच. नागपुरात, मुंबईत किडनी-यकृत बदलून आलेली मोठी माणसं गावोगावी आहेत. रक्ताच्या कॅन्सरची, बोन मॅरो प्रत्यारोपण झालेली मुलं आहेत. एचआयव्हीच्या पुढच्या टप्प्यात सीएमव्ही डोळ्यावर जातो. आईच्या पोटातूनच सीएमव्ही घेऊन जन्मलेली बाळं असतात, त्यातल्या काहींचं ऐकू येणं त्यामुळं जातं. हे सगळे एकत्र मोजा. बोटं पुरणार नाहीत.

दुसरं उत्तर : प्रत्येक जिल्ह्यात लॅब उभारा असं मी म्हणतच नाही. रक्तानं प्रवास करावा, लेकरानं नाही, एवढंच म्हणणं आहे. आणि हे आपण आधी करून दाखवलं आहे. एचआयव्हीच्या रुग्णांसाठी 'व्हायरल लोड' तपासणी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सगळ्यांना मोफत आहे. अकोल्याचा रुग्ण त्यासाठी मुंबईची गाडी पकडत नाही. एआरटी केंद्रात रक्त देतो, नमुना लॅबमध्ये जातो, रिपोर्ट केंद्रात येतो. एकेकाळी याच आजाराच्या लोकांना आपण दारात उभं करत नव्हतो, त्यांच्यासाठी देशानं ही साखळी उभी केली. टीबीच्या बेडक्याचे नमुनेही असेच खेड्यातून मशीनपर्यंत जातात. मग जो डबा सरकारी माणूस, सरकारी गाडी आणि नोंदवही घेऊन जाऊ शकतो, तो एका शेतकऱ्यानं मांडीवर घेऊन का न्यायचा?

तिसरं उत्तर : यंत्रं आपल्याकडे आली आहेत. आठवा २०२० चा उन्हाळा. सुरुवातीला आपले नमुने नागपूरला जायचे आणि रिपोर्टची वाट बघत बातम्या अडून राहायच्या. मग अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली, अमरावतीत संत गाडगेबाबा विद्यापीठात सुरू झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला, देशभरात इथल्या नमुन्यांची चर्चा झाली, तेव्हा याच लॅबनी रात्रंदिवस काम केलं. सीएमव्ही-ईबीव्ही मोजायचं तत्त्व तेच, यंत्रही त्याच जातीचं. वेगळं लागतं ते मोजणीचं किट, प्रमाणित नमुने, प्रशिक्षण आणि गुणवत्तेची नियमित तपासणी. फुकट नाही, पण शून्यातूनही नाही.

इथं एक खबरदारी सांगितलीच पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी घाईत फीत कापून मोकळा होईल. ही मोजणी नाजूक आहे. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी सरळ जुळत नाही. कुणी अख्ख्या रक्तात मोजतं, कुणी प्लाझ्मात, आणि दोन्हींचे आकडे वेगळे येतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं या दोन्ही व्हायरससाठी आंतरराष्ट्रीय मापदंड ठरवून दिले, म्हणजे सगळ्यांनी एकाच एककात बोलावं. त्यामुळे विदर्भासाठी एकच लॅब नीट करा, तिचे आकडे मुंबई-पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्रांशी ताडून घ्या, आणि अकोला-अमरावतीत फक्त रक्त घेण्याची आणि थंड साखळीतून पाठवण्याची चोख सोय ठेवा. अर्धवट लॅबपेक्षा चोख डबा बरा. इमारत आधी आणि माणसं मागाहून, हा प्रकार आपण आरोग्य खात्यात पुष्कळ पाहिला आहे.

तर माझ्या मागण्या चारच आहेत :

१. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अमरावतीचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, या दोन ठिकाणी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस. सकाळी डोसच्या आधी रक्त काढायचं, त्याच दिवशी रवाना. ओपीडीच्या लायनीत, खोकणाऱ्या माणसांत लेकराला तीन तास बसवायचं नाही. वेगळी खोली.

२. टॅक्रोलिमस पातळी, सीएमव्ही आणि ईबीव्ही मोजणी विदर्भातल्या एका ठरलेल्या सरकारी लॅबमध्ये, मोफत. रिपोर्ट किती दिवसांत येणार ते लेखी. तो थेट ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आणि आईबापाच्या मोबाइलवर.

३. मदतीच्या योजनांनी ऑपरेशनपाशी थांबू नये. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना औषधांसाठी महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती आपल्या भागातल्या किती घरांपर्यंत पोचते, हे जिल्हा प्रशासनानं जाहीर करावं. आणि औषधांसोबत तपासण्यांचा खर्चही स्पष्ट शब्दांत त्यात यावा. पंधरा-वीस लाखांचं ऑपरेशन करून पाच हजारांच्या तपासणीवाचून लेकरू गमावणं, हा कुठला हिशेब?

४. जिल्ह्यात एक-एक बालरोगतज्ज्ञ नेमून द्यावा, ज्याचा ऑपरेशन केलेल्या केंद्राशी ठरलेला संपर्क असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून पथकं अंगणवाडी-शाळांत जातात, जन्मजात दोष शोधतात. जी पथकं लेकरू शोधून पुढे पाठवू शकतात, त्यांच्याच नोंदीत परत आलेलं लेकरूही असायला काय हरकत आहे?

यातली एकही मागणी शंभर कोटींची नाही. म्हणूनच कदाचित कुणी करत नाही. शंभर कोटींच्या कामाला फलक लागतो, थर्माकोलच्या डब्याला लागत नाही.

शेवटी, ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांच्यासाठी थोडंसं. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडून ऐकलेलं, अनेकदा खात्री करून घेतलेलं सांगतो. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

ताप आला की त्याच दिवशी फोन करा, 'उद्या बघू' नको. कोणतंही नवं औषध, अगदी आयुर्वेदिक काढा, जडीबुटीसुद्धा, विचारल्याशिवाय देऊ नका. मेडिकलवाल्याकडून तर नाहीच. शेजारी कुणाला कांजण्या किंवा गोवर निघाला, लेकरू त्यांच्यात खेळलं असेल, तर पुरळ उठायची वाट न पाहता लगेच कळवा. गोवर, कांजण्या अशा जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नका, अंगणवाडीताईलाही हे सांगून ठेवा. बाकी घरातल्यांच्या लसी मात्र पूर्ण असू द्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट देऊ नका, त्यानं औषधाची पातळी वाढते. आपल्याकडे वरूड-मोर्शीची संत्री घरात असतातच, त्याबद्दल डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. खारपाणपट्ट्यातल्यांनी पाण्याची जास्तच काळजी घ्या, या औषधानं किडनीवर आधीच ताण असतो. आणि सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये. त्या बापाची फाइल मी पाहिली आहे. चौथी शिकलेला माणूस, पण एकही कागद मागेपुढे नाही.

आणि ज्यांच्या घरात नवं बाळ आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. दोन आठवड्यांनंतरही कावीळ दिसली किंवा शी पांढरट झाली, तर 'कोवळ्या उन्हात धरा' ऐकत बसू नका. डॉक्टरकडे जा. एक-एक आठवडा मोलाचा असतो.

मागच्या आठवड्यात त्या बापाचा फोन आला होता. पोरीची पुढची तपासणी जवळ आली आहे. म्हणे, "भाऊ, तुमच्या ओळखीनं इथं काई होते का पाहा ना. कापूस यायच्या दिवसात आठ दिवस घर सोडनं जमत नाई."

माझ्या ओळखीनं व्हावं असं हे काम नाही. हक्कानं व्हायला पाहिजे. आमदार, खासदार, दोन्ही जिल्ह्यांचे पालकमंत्री, ज्यांच्यापर्यंत तुमचा हात पोचतो त्यांना ही पोस्ट पाठवा. वैद्यकीय महाविद्यालयात, आरोग्य खात्यात काम करणारे कुणी वाचत असाल तर यात काय शक्य आहे, काय नाही, कुठं अडतं, ते मोकळेपणानं लिहा. माझं कुठं चुकलं असेल तर तेही सांगा, दुरुस्त करीन. आणि तुमच्या गावात असं एखादं लेकरू असेल, तर त्याच्या आईबापाला विचारा : पुढची तपासणी कधी आहे, आणि जायचं कसं ठरवलंय?